आमच्या कंपनीत कुणाला काय कळलं

डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर कागद साचतात, तसे किस्सेही साचतात. कागदांचं बरं असतं. मुदत संपली की यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि श्रेडरमध्ये घालायचे. किश्श्यांना श्रेडर नाही. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझ्या कंपनीतलं काहीतरी सांग गं." मग मी सांगते. दर वेळी थोडं वाढवून सांगते असा माझ्यावर आरोप आहे. असू दे.

मी राहते पेणला, नोकरी रोह्याला. केमिकलची कंपनी. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. माझं काम एकच. प्लँटमध्ये काही गळलं, सांडलं, बिघडलं, की त्याचा इंग्रजीत रिपोर्ट टाइप करायचा. आम्ही त्याला डेव्हिएशन म्हणतो. बाहेरच्या जगात त्याला घोळ म्हणतात.

प्रत्येक रिपोर्टची पहिली ओळ ठरलेली असते. हा घोळ कुणाला कळला, आणि कसा कळला? मराठीत आपण "कळलं" म्हणून मोकळे होतो. फार तर दिसलं, सापडलं, लक्षात आलं म्हणतो, पण त्यावरून मेमो निघत नाही. आमच्याकडे निघतो. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच आहे.

*

आमचे क्वालिटीचे सबनीस साहेब पुण्याचे. हल्ली वरशाला फ्लॅट घेऊन राहतात. माणूस सज्जन, पण इंग्रजीच्या बाबतीत भयंकर कडक. ते आले तेव्हा आमचे शिफ्ट इनचार्ज घरत यांनी एक रिपोर्ट दिला होता. मागच्या शेडमधला एक व्हॉल्व्ह गळतोय, असा. घरतांनी पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'डिस्कव्हर्ड'.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "घरत, डिस्कव्हर म्हणजे जे जगाला माहीतच नव्हतं ते शोधून काढणं. हा व्हॉल्व्ह कंपनी सुरू झाल्यापासून तिथेच आहे ना?"

"व्हय साहेब."

"मग तुम्ही तो डिस्कव्हर कसा केलात?"

घरत शांतपणे म्हणाले, "साहेब, चार वर्षं तिकडं कुणी गेलेलाच नाय!"

साहेबांनी त्याच आठवड्यात माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक तक्ता लावला. पाच शब्द, पुढे मराठीत अर्थ. ऑब्झर्व्ड: नेहमीचं काम करताना स्वतः पाहिलं. नोटिस्ड: सहज नजरेस पडलं. फाउंड: शोधत होतो, सापडलं. केम टु नो: दुसऱ्याने सांगितलं. आणि शेवटी, रिअलाइझ्ड: आधीच कळायला हवं होतं, आत्ता कळलं.

तक्ता अजून आहे. लॅमिनेशन करून घेतलंय.

*

तक्ता लावला तेव्हा साहेबांना वाटलं, लोकांचं इंग्रजी सुधारेल. लोकांनी त्यातून वेगळंच शिकून घेतलं. कोणत्या शब्दाला कोणती शिक्षा, ते!

'फाउंड' लिहिलं की साहेब विचारणार, शोधत होतात म्हणजे शंका होती, मग आधी का नाही बोललात? 'केम टु नो' लिहिलं की कुणी सांगितलं, कधी सांगितलं, यात दोन दिवस जाणार. 'नोटिस्ड' लिहिलं की ड्यूटीवर सहज कसं काय बघता?

ठाकूर नावाचा आमचा एक ऑपरेटर आहे, कोलाडचा. सरळ माणूस. त्याच्याकडून एकदा रात्रपाळीत एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. सकाळी त्याने स्वतःच येऊन सांगितलं आणि तक्ता नीट वाचून प्रामाणिकपणे लिहिलं, 'रिअलाइझ्ड'. साहेब म्हणाले, "व्वा, अगदी अचूक शब्द!" आणि त्याला मेमो दिला.

तेव्हापासून आमच्या कंपनीत कुणालाही काहीही रिअलाइझ होईनासं झालं.

ठाकूरने तर तो शब्द न वापरण्याची शपथच घेतली. एकदा तो कोलाडहून मोटरसायकल मारत गेटपर्यंत आला, कार्ड पंच केलं, आणि मग आठवलं की आज आपला वीकली ऑफ. गेटच्या रजिस्टरमध्ये परत जाण्याचं कारण लिहावं लागतं. ठाकूरने लिहिलं, "नोटिस्ड दॅट टुडे इज माय वीकली ऑफ."

सिक्युरिटीवाला म्हणाला, "अरे, विसरलो म्हण की सरळ!"

ठाकूर म्हणाला, "एकदा म्हटलं, पुरलं!"

*

आता हिराची ओळख करून देते, कारण पुढे तीच आहे.

हिरा म्हात्रे पॅकिंगला. वय चाळिशीचं, माहेर पेणजवळ खाडीकाठी, सासर वरशाला. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा गेटपास पिवळा असतो, परमनंटवाल्यांचा निळा. पिवळ्या पासवाल्यांचं जेवण उशिरा, रजा बिनपगारी, आणि दर वर्षी आठ-दहा दिवस पास बंद. म्हणजे त्या दिवसांत गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. मग नवा पास, पुन्हा पहिल्यापासून नोकरी. हिराला एकच गोष्ट हवी होती, निळा पास. मागायला तिने कधी लाज धरली नाही. मला भेटली की पहिला प्रश्न तोच, "ताई, लिस्ट निघाली का गो?"

आमची पावडर ड्रममध्ये भरली जाते. तिच्यात दमटपणा राहिला तर पुढे गिऱ्हाइकाकडे तिचा दगड होतो. दमटपणा तपासायला लॅब आहे, पण लॅब नमुना घेते दहा ड्रमांतून एका ड्रमचा. हिराला प्रत्येक ड्रमचं कळतं. कसं? ती स्कूपने पावडर उचलते, वरून परत ड्रममध्ये सोडते आणि कान देते. बस्स.

मी एकदा विचारलं, "काय ऐकतेस तू?"

"काय ऐकनार? सुकी पावडर बोलते. ओली गप बसते. आमच्या मिठागरात बापूस मिठावर अनवानी चालायचा नि सांगायचा, हे भरा, हे ऱ्हाऊ द्या. तसंच हाय हे."

पहिल्यांदा तिने घरतांना सांगितलं, "दादा, हा ड्रम ओला हाय." घरत म्हणाले, लॅबने पास केलाय. हिरा म्हणाली, "मग लॅबला पाठवा गिऱ्हाइकाकडं." घरतांनी ड्रम पुन्हा तपासायला पाठवला. ओला निघाला!

रिपोर्ट माझ्याकडे आला. "ऑब्झर्व्ड बाय शिफ्ट इनचार्ज." मी म्हटलं, घरत, ऑब्झर्व्ह तर हिराने केलं. घरत म्हणाले, "ताई, त्या रकान्यात एम्प्लॉयी नंबर लागतो. तिच्याकडं गेटपास नंबर. टाकून बघा." मी टाकून बघितला. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत नाही म्हटलं. मग मी घरतांचा नंबर टाकला. कॉम्प्युटर खूश.

तो पहिला. त्यानंतर असं होतच राहिलं. मी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर खुणा करत गेले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

*

घरतांचा मावसभाऊ हमरापूरला गणपती करतो. एकदा त्याने परदेशात मूर्ती पाठवल्या आणि तिकडच्या मंडळाचं इंग्रजी पत्र आलं. पेटी उघडल्यावर एका मूर्तीच्या सोंडेला तडा आढळला, काय करताय ते कळवा. घरत म्हणाले, आमच्या ताई अशी पत्रं रोज लिहितात. रविवारी मला तिथे नेलं.

रंगाच्या वासात बसून मी उत्तर लिहायला घेतलं. म्हटलं, सुरुवात अशी करते, की तुमच्या पत्रावरून आम्हाला तड्याबद्दल कळलं, वाईट वाटलं.

मावसभाऊ एका मूर्तीच्या डोळ्यांना रंग देत होता. ब्रश तसाच धरून म्हणाला, "ताई, वाईट वाटलं लिवा. कळलं लिवू नका."

"का?"

"गणपतीचं काम हाय, खोटं नको. तडा पेटी भरतानाच मी बघितलेला. मी त्यावर रंग मारला."

घरत माझ्याकडे बघायला तयार नाहीत! मी पत्रात तडा कधी, कुणाला, कसा कळला हे सगळं गाळलं आणि नवी मूर्ती पाठवतो एवढंच लिहिलं. बसमध्ये मी घरतांना म्हटलं, "तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा बरा." ते झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. तसे ते रोजच नागोठण्यापर्यंत झोपतात, पण त्या दिवशी रविवार होता आणि बस एसटीची होती.

*

साहेबांचाही एक किस्सा आहे. नाहीतर म्हणाल, बाईने गरिबांचीच चेष्टा केली.

एकदा व्हॅलिडेशनची जाडजूड फाइल हरवली. साहेबांनी तीन दिवस सगळ्या डिपार्टमेंटला उभं-आडवं घेतलं. कपाटं ओढली, माझे सगळे ड्रॉवर पालथे घातले. फाइल हरवल्याचा डेव्हिएशन रिपोर्ट निघाला. चौथ्या दिवशी हिरा पॅकिंगच्या कागदावर सही घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेली. सही होईपर्यंत उभी होती. जाताना म्हणाली, "साहेब, सगळे ती निळी फाइल शोधतात ना? ती तुमच्या चहाच्या ट्रेखाली हाय."

होतीच! तीन दिवस तिच्यावर ट्रे ठेवून साहेब चहा पीत होते. फाइलवर कपाचे गोल उमटले होते.

रिपोर्ट बंद करायचा तर पहिली ओळ हवी. साहेब माझ्या मागे उभे राहून तक्त्याकडे बघत राहिले. 'फाउंड' म्हणावं, तर शोधणाऱ्याला सापडली नव्हती. 'केम टु नो' म्हणावं, तर कुणी सांगितलं ते आलं. आणि शेवटचा शब्द तर त्यांनी वाचलाच नाही. पाच-सात मिनिटांनी घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, लिहा, फाइल वॉज लोकेटेड."

तक्त्यावर सहावा शब्द त्या दिवशी आला. पेनाने लिहिलाय. त्याच्यापुढे अर्थ नाही.

*

आणि मग लिस्ट निघाली. पॅकिंगमधल्या दोन जागा परमनंट होणार. हेड ऑफिसने फॉर्म पाठवला. त्यात एक अट होती. उमेदवाराच्या नावावर किमान तीन ऑब्झर्वेशन्स रेकॉर्डला हवीत.

म्हणजे बघा, ज्यांना एम्प्लॉयी नंबर नाही, त्यांनी एम्प्लॉयी नंबरवाल्या रकान्यात आपलं नाव तीन वेळा दाखवायचं! मी हेड ऑफिसला मेल केली. उत्तर आलं, "युअर पॉइंट इज अंडरस्टूड." पुढे काही नाही.

माझ्या डायरीत हिराच्या नावाच्या अकरा खुणा होत्या. रेकॉर्डला शून्य. त्या अकराही ओळी मी माझ्या हाताने टाइप केलेल्या. मला लाज वाटली, हे सरळ सांगते. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, मलाही माहीत आहे. पण सही झालेला रिपोर्ट मी बदलू शकत नाही, तुम्हीही नाही. ज्याची सही त्यानेच स्वतःच्या अक्षरात करेक्शन स्लिप जोडायची. शिवाय ज्याचं नाव घालायचं त्याची सही. स्लिपला नंबर लागत नाही. नियम आहे."

ज्याची सही त्याचं काय? घरतांना त्याच महिन्यात ट्रॉफी मिळाली होती. वर्षभरात चौदा ऑब्झर्वेशन्स, कंपनीत पहिले. कॅन्टीनमध्ये कार्यक्रम झाला, समोसे होते. हिरा सगळ्यात मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरत ट्रॉफी घेऊन शेजारून गेले तेव्हा म्हणाली, "घरतदादांचा कान लई भारी!"

हसत म्हणाली. घरतही हसले. पण समोसा त्यांनी तसाच ठेवला, ते मी पाहिलं. म्हणजे ऑब्झर्व्ह केलं.

फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते. हिराने मला लिस्टबद्दल विचारणं बंद केलं होतं.

*

आणि त्यातच ऑडिट आलं. गिऱ्हाइकाकडून एक ऑडिटर बाई आल्या, हैदराबादच्या. कमी बोलणाऱ्या. असे लोक फार वाईट. त्यांनी फायली चाळल्या, घरतांचे रिपोर्ट एका बाजूला काढले आणि हिंदीत विचारलं, "हे घरत कोण?"

साहेबांनी कौतुकाने घरतांना पुढे केलं. ट्रॉफीचंही सांगितलं.

बाई म्हणाल्या, "लॅबने पास केलेल्या ड्रममधला दमटपणा तुम्हाला कळतो. कसा कळतो ते बघायचंय मला."

पॅकिंगला गेलो. बाईंनी स्वतः दोन ड्रम निवडले. "यातला एक दमट असेल, दोन्ही असतील, किंवा एकही नसेल. सांगा." मी हातात पॅड घेऊन उभी. हिरा दोन पावलांवर लेबलं चिकटवत होती.

घरतांनी ग्लोव्ह्ज घातले. पावडर चिमटीत घेतली. डोळे बारीक केले. मग वर्षभराची सवय, त्यांनी हिराकडे बघितलं.

हिराने लेबलावरून हात फिरवला. ते चिकटलेलंच होतं. तिने पुन्हा फिरवला.

साहेब कुजबुजले, "हिराबाई, सांगा ना!"

"मी कशी सांगू, साहेब?" हिरा म्हणाली. "माझा नंबर नाय."

घरतांच्या कपाळावर घाम. शेवटी त्यांनी डावीकडच्या ड्रमवर हात ठेवला. "हा ओला."

ऑडिटर बाईंनी घरतांकडे पाहिलंच नाही. घरतांनी जिकडे पाहिलं होतं, तिकडे पाहिलं. "आप बताइए."

हिरा उठली. स्कूप घेतला. डावीकडची पावडर उचलून सोडली, कान दिला. उजवीकडची उचलून सोडली, कान दिला. मग म्हणाली, "डावा सुका हाय. उजव्याचा वरचा भाग सुका, तळाशी ओला." लेबलं राहिली होती, ती चिकटवायला परत बसली.

लॅबचा निकाल यायला अर्धा तास लागला. डावा सुका. उजवा वर सुका, तळाशी ओला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि विचारलं, "चहा मिळेल का?"

त्या संध्याकाळी घरत बसमध्ये झोपले नाहीत. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, नुसते खिडकीबाहेर बघत होते. पेणला उतरताना मला म्हणाले, "ताई, करेक्शन स्लिपा किती असतात एका पॅडात?"

मी म्हटलं, "पंचवीस."

"एक पॅड उद्या काढून ठेवा."

*

दुसऱ्या दिवशी घरत जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर बसले आणि लिहायला लागले. जेवले नाहीत. त्यांचं अक्षर मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं. प्रत्येक स्लिपवर एकच वाक्य. हे हिरा म्हात्रे यांनी 'ऑब्झर्व्ह' केलं, असं मला 'रिअलाइझ्ड'. ट्रॉफी मिळाली होती त्या चौदा रिपोर्टांना चौदा स्लिपा.

साहेब आले. पहिली स्लिप वाचली, दुसरी वाचली, आणि बाकीच्या भरभर उलटल्या.

"घरत, वेड लागलंय का? चौदा वेळा रिअलाइझ्ड? मला चौदा मेमो काढावे लागतील! रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली तुमची. नोटिस्ड लिहा, केम टु नो लिहा, मी बघतो पुढचं."

घरतांनी पेनाचं टोपण लावलं आणि भिंतीकडे बोट केलं. "साहेब, तुमीच लिवलंय तिथं. आधीच कळायला हवं होतं, आत्ता कळलं. अचूक शब्द."

साहेबांनी तक्त्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून खाली बसले आणि मला म्हणाले, "हिराबाईंना बोलवा. त्यांची सही लागेल."

हिरा आली. हाताला पावडर होती म्हणून आधी पदराला हात पुसले. मी तिला समजावून सांगितलं, या चौदा स्लिपा आहेत, सगळ्यांवर सही कर, फॉर्मचं काम होईल, तीनच लागतात. तिने घरतांकडे बघितलं. घरत तक्ता वाचत होते.

तिने एकेक रिपोर्ट उघडला. वरची तारीख बोटाने वाचली आणि मग सही केली. सही करायला तिला वेळ लागतो, प्रत्येक अक्षर वेगळं काढते. मध्येच एखादा कागद बाजूला ठेवायची. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

शेवटी बाजूला ठेवलेले तीन कागद तिने उचलले, नीट जुळवले आणि घरतांच्या पुढ्यात सरकवले.

"दादा, ही तीन तुमचीच हायत," ती म्हणाली. "तवा माझा पास बंद व्हता."